पाणक्याच्या कारकिर्दीचे मोजमाप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापुरवणीत नुकताच निवृत्त व्यावसायिक सायकलपटूंच्या कारकिर्दींचा आढावा घेणारा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात रस्त्यावरील सायकल शर्यतींसाठी पाऊण पान मिळाले, याचा आनंद आधी नोंदवतो आणि मग तक्रारीकडे वळतो. लेखासोबत एक कोष्टक होते. त्यात खेळाडूचे नाव, देश, टूर द फ्रान्सची विजेतेपदे आणि टप्प्यांमधील विजय असे रकाने होते. जर्मनीच्या येन्स फोग्टच्या नावापुढे विजेतेपदांच्या रकान्यात शून्य आणि टप्प्यांच्या रकान्यात दोन असे आकडे होते, आणि हा खेळाडू टिकला खूप, पण त्याच्या हाती फारसे काही लागले नाही, अशा अर्थाचा शेरा मजकुरात होता. दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र या खेळाची रचनाच लक्षात न घेता काढला गेला आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

रस्त्यावरील सायकल शर्यत निकालपत्रकात वैयक्तिक दिसते, पण लढली जाते संघाने. याचे कारण हवेत आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेचा विरोध तोडण्यातच खर्च होते, आणि वेग जसा वाढतो तशी लागणारी शक्ती त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. पुढच्या माणसाच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याला तोच वेग बऱ्याच कमी श्रमात राखता येतो. तीन आठवड्यांच्या शर्यतीत ज्याला डोंगरावर निर्णायक हल्ला करायचा आहे, त्याने तोवर वारा अंगावर घेता कामा नये, आणि तो घ्यायचा नसेल तर दुसऱ्या कुणीतरी घेतला पाहिजे. हा दुसरा कुणीतरी म्हणजे ज्याला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात तो. शब्दाचा सरळ अर्थ घरगडी. १९११ मध्ये टूरचे संस्थापक आँरी देग्रांज यांनी मोरिस ब्रोको नावाच्या स्पर्धकाला हा शब्द शिवीसारखा लावला, कारण ब्रोकोने फ्रान्स्वा फाबेरसाठी आपली शर्यत बाजूला ठेवल्याचा त्यांना राग आला होता. पुढे शिवीची पदवी झाली. फ्रेंचमध्येच अशा स्वाराला पाणी वाहणारा असेही म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत चक्क पाणक्या. इटालियन लोक ‘ग्रेगारिओ’ म्हणतात, म्हणजे साधा शिपाई. मला यांत पाणक्या हा शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण या माणसाचे काम खरोखरच पाण्यापासून सुरू होते. तो घोळक्यातून मागे सरकतो, संघाच्या मोटारीशी पोहोचतो, खिडकीतून मिळणाऱ्या बाटल्या जर्सीच्या खिशांत, पाठीवर, मानेखाली कोंबतो, आणि चार-पाच किलोंचे ते ओझे घेऊन मोटारींच्या रांगेतून पुन्हा वर येतो. तोवर घोळका थांबलेला नसतो. बाटल्या वाटून झाल्या की वाऱ्यात जाऊन उभे राहण्याची पाळी येते, आणि डोंगर सुरू झाला की त्याचे काम संपते. मग तो मागे गळतो व कधीतरी वीस-पंचवीस मिनिटांनी शेवटच्या रेषेवर पोहोचतो. त्या दिवशीच्या निकालात त्याचे नाव शंभराव्या क्रमांकाच्या खाली कुठेतरी असते. अशा माणसाची कारकीर्द विजयांच्या रकान्यात शोधणे म्हणजे यष्टिरक्षकाची योग्यता त्याने घेतलेल्या बळींवरून ठरवण्यासारखे आहे.

फोग्टचा जन्म १७ सप्टेंबर १९७१ रोजी तत्कालीन पूर्व जर्मनीत, ग्रेव्हस्म्युलेन येथे झाला. तो वाढला दासो या गावात, दोन जर्मनींच्या सीमेला लागून. चौदाव्या वर्षी तो बर्लिनच्या क्रीडाशाळेत गेला. त्या राजवटीत क्रीडाशाळेत निवड होणे हा मान होता आणि तिथून वगळले जाण्याची टांगती तलवारही होती. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये भिंत पडली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ज्या व्यवस्थेने त्याला घडवले ती नाहीशी झाली आणि पश्चिमेकडचे व्यावसायिक संघ त्याला ओळखत नव्हते. १९९४ मध्ये त्याने पूर्व युरोपातील जुनी प्रतिष्ठित ‘शांतता शर्यत’ जिंकली, तरीही व्यावसायिक करार हाती यायला १९९७ साल उजाडले. म्हणजे तो पंचविशी ओलांडलेला नवखा होता. पुढच्याच वर्षी फ्रेंच संघात जागा मिळाली आणि १९९८ ते २०१४ अशी सलग सतरा वर्षे तो टूरच्या प्रारंभरेषेवर उभा राहिला. निवृत्त झाला तेव्हा टूरमधील सर्वाधिक सहभागांचा विक्रम ज्यांच्या नावे होता, त्यांत त्याचेही नाव होते. सिल्व्हां शाव्हानेलने २०१८ मध्ये अठराव्यांदा भाग घेऊन तो मागे टाकला. शाव्हानेलही पहिल्या क्रमांकाच्या दावेदारांपैकी कधी नव्हता, हे इथे जाता जाता सांगायला हवे.

आपल्या कोष्टकात न आलेल्या काही गोष्टी प्रथम नोंदवतो, म्हणजे फोग्ट जिंकू शकत नव्हता म्हणून मदतनीस झाला असा समज राहणार नाही. क्रितेरियम इंटरनॅशनल ही दोन दिवसांत सपाटी, चढण आणि वैयक्तिक कालशर्यत अशा तिन्ही परीक्षा घेणारी फ्रान्समधील शर्यत त्याने १९९९, २००४, २००७, २००८ आणि २००९ अशी पाच वेळा जिंकली. त्या शर्यतीत रेमों पुलिदोरचीही विजेतेपदे पाचच आहेत. जर्मनीची राष्ट्रीय फेरी त्याने २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. २००५ च्या लिएज–बास्तोन–लिएज या अभिजात शर्यतीत तो अलेक्झांडर विनोकुरोव्हसोबत शेवटपर्यंत पुढे होता आणि दुसरा आला. टूरची पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिला असणाऱ्याची जर्सी, त्याच्या अंगावर दोनदा आली आणि दोन्ही वेळा एकेकच दिवस टिकली. २००१ मध्ये ती त्याने आपल्याच संघातील स्टुअर्ट ओ’ग्रेडीकडून घेतली आणि पुढच्या दिवशी ती पुन्हा ओ’ग्रेडीकडेच गेली. २००५ ची कथा अधिक कडू आहे. म्युलूझला जर्सी मिळाली, नंतर विश्रांतीचा दिवस गेला, कुर्शव्हेलच्या चढावर ती गेली, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रियांसाँला तो वेळेच्या मर्यादेबाहेर पोहोचल्यामुळे शर्यतीतूनच बाद झाला. विजेत्याच्या वेळेत टप्प्याच्या कठीणपणानुसार ठरावीक टक्के मिळवून ही मर्यादा काढली जाते आणि ती जर्सीचा रंग पाहत नाही.

आता ज्या घटनेमुळे मी या खेळाडूकडे प्रथम नीट लक्ष देऊ लागलो ती सांगतो. २००४ च्या टूरमध्ये फोग्ट डेन्मार्कच्या बियार्ने रीस यांच्या संघात होता आणि त्या संघाचा नेता होता इव्हान बास्सो. व्हियार-दे-लाँसच्या टप्प्यावर फोग्ट पुढे पळालेल्या गटात होता, म्हणजे टप्पा जिंकण्याची संधी त्याच्यासमोर होती. मागे जर्मनीच्या यान उलरिशने हल्ला चढवला आणि तो एकटा निसटला. बास्सोचे स्थान धोक्यात आले. व्यवस्थापकांकडून सूचना आली आणि फोग्टने पायडल मारणे थांबवले. पुढे पळणारा माणूस मुद्दाम वेग सोडतो, मागच्या गटाला आपल्यापर्यंत येऊ देतो आणि मग त्याच गटाच्या तोंडावर जाऊन, ज्या दिशेने तो मघाशी स्वतःसाठी चालला होता त्याच दिशेने दुसऱ्यासाठी ताकद लावतो, हे दृश्य दूरचित्रवाणीवर पाहताना समजायलाच मला काही क्षण लागले. उलरिश पकडला गेला. दुसऱ्या दिवशी अल्प द्युएझवर वैयक्तिक कालशर्यत होती. त्या डोंगरावर एकवीस वळणे आहेत आणि टूरच्या दिवशी प्रत्येक वळणावर माणसांच्या भिंती असतात. स्वार एकेकटे सुटत असल्यामुळे लपायला घोळका नव्हता. जर्मन प्रेक्षकांनी आपल्याच देशाच्या फोग्टला ‘जूडास’ म्हणून हिणवले. विश्वासघातकी ठरवायला त्यांच्या लेखी एवढे पुरेसे होते की त्याच्या कामामुळे एका जर्मनाचे नुकसान झाले होते. पण फोग्ट जर्मनीसाठी शर्यत करत नव्हता. टूरमध्ये १९३० ते १९६१ आणि पुन्हा १९६७-६८ मध्ये राष्ट्रीय संघ होते, पण त्यानंतर स्वार प्रायोजकाच्या संघाकडूनच उतरत आले आहेत. ज्याचा पगार घेतला आणि ज्याला शब्द दिला, त्याच्याशी तो प्रामाणिक राहिला. त्या टूरमध्ये बास्सो तिसरा आणि उलरिश चौथा आला. फोग्टच्या त्या दिवसाच्या कामाचा उल्लेख कुठल्याही कोष्टकात नाही.

दोन वर्षांनी, २००६ च्या जिरो डी इटालियामध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या फेरीत, याच नीतीची दुसरी बाजू दिसली. बास्सो एकूण क्रमवारीत पहिला होता. पासो सान पेलेग्रिनोला संपणाऱ्या टप्प्यात फोग्ट पुढच्या गटात होता तो संघाचा पहारेकरी म्हणून. मागे बास्सोचाच संघ घोळका सांभाळत असल्यामुळे पुढच्या गटाचा वेग वाढवण्यात हातभार लावणे त्याच्या कामात बसत नव्हते, म्हणून त्याने दिवसभर इतरांच्या मागे बसून प्रवास केला. शेवटच्या चढावर उरले दोघे, तो आणि स्पेनचा हुआन मानुएल गाराते. नियमांच्या दृष्टीने फोग्टला जिंकायला कुणाची आडकाठी नव्हती आणि ताकद राखून ठेवलेली असल्यामुळे त्याचे पारडेही जड होते. त्याने गारातेच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला पुढे जाऊ दिले. ज्याने वारा खाल्ला नाही त्याने विजयावर हक्क सांगू नये, हा या खेळातला लिखित नसलेला कायदा आहे. तो पाळताना मोठ्या फेरीतील टप्प्याचा विजय हातचा सोडणारे फार थोडे असतात. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बेझिए ते माँतेलिमार या सुमारे २३० किलोमीटरच्या टप्प्यात त्याने ओस्कार परेरोला अंतिम दौडीत मागे टाकून टूरमधला आपला दुसरा टप्पा जिंकला. तिथे त्याने आपल्या वाट्याचा वारा पुरेपूर खाल्ला होता आणि म्हणून तो शेवटच्या मीटरपर्यंत लढला. मागचा घोळका त्या दिवशी २९ मिनिटे ५७ सेकंदांनी पोहोचला. त्या अर्ध्या तासामुळे परेरो पिवळ्या जर्सीत आला आणि पुढे फ्लॉइड लँडिस उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यावर २००६ चा टूर परेरोच्या नावे झाला. कोष्टकातल्या ‘२’ या आकड्यामागे एवढा इतिहास दडलेला आहे, आणि गारातेला दिलेला टप्पा तर त्या आकड्यात धरलाच जाणार नाही.

२००८ च्या टूरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे फोग्टचे काम अगदी स्वच्छ दिसते. १४ जुलै रोजी पो ते ओताकाम या टप्प्यावर तुर्मालेचा डोंगर होता. फाबियान कान्चेलारा आणि फोग्ट या दोघांनी, म्हणजे अंगापिंडाने डोंगरासाठी न बनलेल्या दोन धिप्पाड स्वारांनी, असा वेग ठेवला की अलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे आणि दामियानो कुनेगो हे क्रमवारीतले मोहरे मागे पडले. फोग्टचे तोंड उघडे, डोके हलते आहे, खांदे सायकलवर आदळत आहेत आणि मागे त्याचे नेते शांत बसले आहेत, हे त्या दिवसाचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्या टप्प्यानंतर त्याच्या संघाचा फ्रँक श्लेक पिवळ्या जर्सीपासून केवळ एका सेकंदावर होता. पुढे श्लेकने ती मिळवली, अल्प द्युएझवर कार्लोस सास्त्रेने ती आपल्याकडे घेतली आणि पॅरिसमध्ये सास्त्रे ५८ सेकंदांनी विजेता ठरला. कोष्टकात सास्त्रेच्या नावापुढे एक विजेतेपद आहे, आणि ते योग्यच आहे.

या कामाची शरीराकडून वसूल होणारी किंमत २००९ मध्ये सगळ्यांनी पाहिली. पती-सां-बर्नार घाटाच्या उतारावर फोग्टचा तोल गेला आणि तो तोंडावर आपटला. गालाचे हाड मोडले, मेंदूला मार बसला आणि तो रस्त्यावर निपचित पडला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि सहज थांबू शकला असता. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि पिरेनीजमध्ये पेरसूर्दच्या उतारावर पुढचा टायर फुटून पुन्हा पडला. अंग सोलून निघाले होते, सायकल मोडली होती. संघाच्या दोन्ही मोटारी निघून गेल्या होत्या. मागून आली ती फक्त माघार घेणाऱ्यांना गोळा करणारी गाडी, जिला या खेळात झाडूगाडी म्हणतात. तिच्यात बसायचे म्हणजे छातीवरचा क्रमांक उतरवून द्यायचा आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी पॅरिस न पाहता घरी जायचे. त्याने नकार दिला. उपलब्ध होती ती मुलांसाठीची एक लहानशी पिवळी सायकल. तिच्या पायडलला जुन्या धाटणीच्या, पाय अडकवायच्या जाळ्या होत्या, आणि शर्यतीच्या बुटाच्या तळाला असलेले कडक क्लीट त्यांत बसणे शक्यच नव्हते. सहा फुटांहून उंच, अडतीस वर्षांचा, रक्ताने माखलेला माणूस गुडघे हनुवटीपर्यंत आणत त्या सायकलवरून कित्येक किलोमीटर गेला. पुढे एका पोलिसाजवळ संघाने त्याच्यासाठी ठेवलेली सायकल मिळाल्यावर त्याने मागचा गट गाठला आणि वेळेच्या मर्यादेत टप्पा पूर्ण केला. त्या वर्षी तो पॅरिसला पोहोचला. ही हकीकत आता गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते आणि ‘पायांनो, गप्प बसा’ हे त्याचे वाक्य सदऱ्यांवर छापले जाते. मला स्वतःला हे विदूषकी रूप फारसे रुचत नाही. त्यात वेदना दिसते, पण ती कशासाठी सोसली हे दिसत नाही. एका विश्रांतीच्या दिवसानंतर तुर्मालेवर संपणारा टप्पा होता आणि त्याच्या संघाचा नेता अँडी श्लेक त्या टूरच्या विजयासाठी झुंजत होता. नेत्याच्या मदतीला एक माणूस कमी पडणार होता, ही बाब त्या लहान सायकलइतकीच महत्त्वाची आहे.

एका प्रश्नाला बगल देऊन हे पत्र पुरे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फोग्टची कारकीर्द ज्या काळात झाली तो या खेळाचा सर्वांत कलंकित काळ आहे. त्याचा पहिला टूर १९९८ चा, म्हणजे फेस्टिना संघाच्या उत्तेजक प्रकरणाचा. त्या वर्षी १८९ जण निघाले आणि अवघे ९६ पॅरिसला पोहोचले. त्याचे व्यवस्थापक रीस यांनी आपण १९९६ चा टूर ईपीओ हे उत्तेजक घेऊन जिंकल्याचे २००७ मध्ये कबूल केले. ज्या बास्सोसाठी तो थांबला, त्याला स्पेनमधील रक्तपेढी प्रकरणात २००६ च्या टूरच्या आदल्या दिवशी परत पाठवण्यात आले, त्याच प्रकरणात उलरिशलाही, आणि पुढे बास्सोवर दोन वर्षांची बंदी आली. ओ’ग्रेडीने २०१३ मध्ये, निवृत्त झाल्यावर, १९९८ च्या टूरपूर्वी ईपीओ घेतल्याची कबुली दिली. २००४ च्या त्या टूरचा विजेता लान्स आर्मस्ट्राँग होता आणि २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आल्यानंतर ती जागा रिकामीच ठेवण्यात आली आहे. फोग्ट स्वतः कधीही चाचणीत दोषी आढळला नाही आणि आपण उत्तेजके घेतल्याचे त्याने सातत्याने नाकारले आहे. त्या काळावर शंका घेणाऱ्या वाचकाला मी दोष देणार नाही. मात्र विजेतेपदांच्या कोष्टकावर विसंबणाऱ्या लेखकाने निदान याचा विचार करावा की त्या कोष्टकातील अनेक नावे आज खोडलेली आहेत, कंसात आहेत किंवा त्यांच्या जागी मोकळी ओळ आहे. त्या काळातील सायकलिंगच्या नोंदींमध्ये सर्वांत डळमळीत कोणता रकाना असेल तर तो विजेत्यांचाच. कुणी कुणासाठी किती किलोमीटर वारा खाल्ला, हे कुठल्याही लवादाला बदलता येत नाही.

शेवटच्या हंगामाविषयी आपल्या लेखात एक ओळही नव्हती, आणि याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटले. २०१४ चा टूर इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला सुरू झाला तेव्हा फोग्ट ४२ वर्षांचा, स्पर्धेतील सर्वांत वयस्क स्वार होता. पहिल्याच दिवशी तो पळाला आणि त्याने डोंगरांच्या राजाची लाल ठिपक्यांची जर्सी मिळवली. १९९८ च्या आपल्या पहिल्या टूरमध्येही त्याने ती एक दिवस घातली होती. ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतील शर्यतीनंतर त्याने रस्त्यावरील कारकीर्द थांबवली आणि मग, १८ सप्टेंबर रोजी, म्हणजे त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेनच्या ट्रॅकवर एकटा उतरला. तासाचा विक्रम हा या खेळातला सर्वांत साधा आणि सर्वांत निष्ठुर प्रकार आहे. एक माणूस, एक गीअर, ब्रेक नाही, साठ मिनिटांत जितके अंतर जाईल तितके. २००० पासून हा विक्रम एडी मर्क्सच्या १९७२ च्या सायकलसारख्याच सायकलवर करण्याची सक्ती होती आणि त्यामुळे त्यातला रस आटत गेला होता. २००५ मध्ये ओंद्रेय सोसेन्काने केलेला ४९.७०० किलोमीटरचा विक्रम नऊ वर्षे तसाच पडून होता. २०१४ च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने आधुनिक ट्रॅक सायकलींना परवानगी दिली. आता कुणीतरी पहिला हवा होता, आणि नामांकित कालशर्यतपटू एकमेकांकडे पाहत बसले होते.

पहिला झाला फोग्ट. त्याने ५१.११० किलोमीटर अंतर कापले, म्हणजे अडीचशे मीटरच्या ट्रॅकच्या दोनशे चारहून अधिक फेऱ्या. मधून मधून तो खोगिरावरून उभा राहत होता. वायुगतीच्या हिशेबात ही चूकच, पण एकाच जागी तासभर दाब पडून शरीराची जी अवस्था होते ती हिशेबात कुठे येते? त्याचा विक्रम ४२ दिवस टिकला. माथियास ब्रेंडलने तो ३० ऑक्टोबरला मोडला, नंतर रोहन डेनिसने, मग अ‍ॅलेक्स डाउसेटने, आणि २०१५ च्या जूनमध्ये ब्रॅडली विगिन्सने तो ५४.५२६ किलोमीटरवर नेला. २०२२ मध्ये फिलिपो गान्नाने त्याच ग्रेन्शेनच्या ट्रॅकवर ५६.७९२ किलोमीटर अंतर पार केले. सतरा वर्षे रस्त्यावर इतरांसाठी वारा तोडणाऱ्या माणसाने जाता जाता ट्रॅकवरही तेच केले. त्याच्या पाठीमागे एक रांग लागली आणि ती त्याला ओलांडून पुढे गेली. तिथे तो पहिला होता एवढे तरी आकड्यांच्या कोष्टकात बसण्यासारखे आहे.

माझी विनंती फार मोठी नाही. सायकलपटूच्या कारकिर्दीवर लिहिताना त्याने किती टूर सुरू केले, कोणत्या नेत्यांसाठी काम केले आणि ते नेते त्या वर्षी कितवे आले, एवढे तीन रकाने वाढवावेत. ही माहिती मिळवायला अवघड नाही. संघांच्या याद्या आणि निकाल प्रसिद्धच असतात. टूरची रोख बक्षिसे संघातील सर्वांनी वाटून घेण्याची प्रथा विजेते स्वतः पाळतात, तर त्यांच्या निकालाची बातमी छापताना ज्यांच्यात ती वाटली गेली त्यांची नावे देण्याने जागा फार जाणार नाही. पूर्वी नऊ जणांचा संघ असे, २०१८ पासून आठ जणांचा असतो. म्हणजे नेत्याखेरीज सातच नावे.

आणि लेखाची सुधारित आवृत्ती निघणार असेल तर एक दुरुस्तीही करावी. फोग्टच्या नावापुढे २००१ आणि २००६ हे टप्पेविजय दाखवताना २००१ चा टप्पा कालशर्यतीचा असल्याचे म्हटले आहे. तो कालशर्यतीचा नव्हता. कास्तेलसाराझाँ ते साराँ हा तो सुमारे २२९ किलोमीटरचा रस्त्यावरचा टप्पा होता आणि फोग्टने तो ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडली मॅकगीला मागे टाकून जिंकला.

आपला,
एक नियमित वाचक